सॉरीचा हात

"बस थांबवतेय असं वाटतं त्या हाताकडे बघून," कपडा उचलून आधीच बघून आलेलं कुणीतरी कुंपणापलीकडून कुरकुरलं. "आणि बोटं बघितलीस? नुसती सॉसेजेस."

लॉर्ना हेस्केथ कुंपणाच्या अलीकडे बुटाची नाडी बांधत होती. तिने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, म्हणजे आणखी थोडं ऐकता येईल. पण पलीकडच्या बायका तेवढ्यात सँडविचमधल्या काकडीकडे वळल्या होत्या. काकडी जाड कापली गेली होती आणि ते त्या दोघींना हातापेक्षा जास्त लागलं होतं.

आज थॉर्नबीच्या टेनिस क्लबात लॉर्नाच्या हाताचं अनावरण होतं. पुतळा नव्हे, नुसता हात. ब्राँझचा, कोपरापासून वर, तळवा समोर. अख्खी लॉर्ना क्लबाला परवडली नसती, आणि अध्यक्ष क्लाइव्हच्या मते बाकीच्या लॉर्नाची तशी गरजही नव्हती. क्लाइव्ह दातांचा निवृत्त डॉक्टर. काहीही सांगताना 'आता अजिबात दुखणार नाही' असा आवाज काढायचा, आणि मग हमखास दुखायचं.

बाकीची लॉर्ना म्हणजे बारा-चौदा वर्षांचा खेळ. समुद्रकाठच्या ओलसर गावांतल्या स्पर्धा, स्वस्त खोल्या, गाडीच्या मागच्या काचेशी वाळत घातलेले मोजे. तिचा डावरा बॅकहँड असा जमिनीलगत सरपटायचा की समोरची बाई गुडघ्यावर यायची. मानांकन मिळालेल्या दोघींना तिने रडत घरी पाठवलं होतं. यातलं थॉर्नबीत कुणाला काही आठवत नव्हतं. आठवत होता तो एकच गुण.

विम्बल्डनची चौथी फेरी होती. समोर हंगेरीची इलोना. सामना खिशात घालायला लॉर्नाला एक गुण हवा होता. तिने मारलेला चेंडू जाळीच्या पट्टीला घासला, तिथे बसून जरा विचार केला आणि पलीकडे टपकला. असा नशिबाने गुण मिळाला की हात वर करून सॉरी म्हणायची रीत आहे. लॉर्नाने हात वर केला. चूक एवढीच, की गुण अजून मिळालेला नव्हता. चेंडू एकदाच टप्पा पडून वर आला होता आणि इलोना पदर खोचल्यासारखी धावत सुटली होती. तिने तो रॅकेटने उचलून मारला, आणि हात वर करून उभ्या असलेल्या लॉर्नाच्या शेजारून तो ऐटीत निघून गेला. त्यानंतर लॉर्नाच्या रॅकेटला सूर लागलाच नाही. सामना गेला.

आपल्याकडे हरणाऱ्यावर जीव टाकायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तो वर केलेला हात होता. जिंकलेल्या इलोनाचं नाव खाली, बारीक टायपात. पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल, असं एकाने लॉर्नाला विचारलं होतं. "पुन्हा हेच करीन," ती म्हणाली, कारण रडू आवरून बोलता येईल एवढं आखूड तेच एक वाक्य होतं. मग ते तिला जन्मभर वापरावं लागलं.

थॉर्नबीत तर त्याचं क्रियापद झालं. मागच्यासाठी दार धरून उभं राहायचं आणि आपली बस चुकवायची, याला इथे 'लॉर्ना करणं' म्हणतात. कौतुकाने म्हणतात. गुडघे गेल्यावर लॉर्ना क्लबात शिकवायला लागली, तशी तिच्या हाताखालची सगळी मंडळीही लॉर्ना करायला लागली. शेजारच्या बार्कबीच्या क्लबाने हे बरोबर हेरलं. थॉर्नबीचा चेंडू जाळीला लागला की बार्कबीवाले जिवाच्या आकांताने पुढे धावतात. थॉर्नबीवाले तेव्हा माफी मागण्यात गुंतलेले असतात. दोन्ही क्लबांमधल्या सामन्याची ढाल गेली कित्येक वर्षं बार्कबीकडेच आहे.

लॉर्नाला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा तोंडावर सांगावं, की बाई, तो काही मोठेपणा नव्हता, चुकलीस तू. वडील 'अभिमान वाटतो पोरी' म्हणत म्हणतच गेले. मागच्या आठवड्यात तिने स्वतःच क्लाइव्हला सांगून पाहिलं. हात सवयीने वर गेला होता, ती चूक होती, असं. क्लाइव्हचे डोळे भरून आले. हाच तुझा नम्रपणा, म्हणाला, आणि तो नम्रपणा त्याने हाताखालच्या दगडावर कोरून घेतला. आता एकदा वरचा कपडा ओढला, की चूक ती चूक म्हणायची सोय कायमचीच बुडणार होती.

राहिली आई. विनी नव्वदीला टेकलेली, जाळीच्या खांबाशेजारी घडीच्या खुर्चीत, मांडीवर पांघरूण, हातात चहाचा कप. गावच्या बागेतल्या मैदानावर लॉर्नाला खेळायला तिनेच शिकवलं. आधी सॉरी म्हणायला, मग रॅकेट धरायला. त्या सामन्यानंतर गाडीत लॉर्ना हमसून रडत होती तेव्हा विनीने थर्मास उघडून म्हटलं होतं, चहा घे. तेव्हापासून तो विषय निघाला की विनी चहा ओतते. आईचं मत काय ते लॉर्नाला आजवर कळलं नव्हतं. चहा मात्र भरपूर पोटात गेला होता.

अनावरणाआधी फोटोवाल्याला तो क्षण पुन्हा हवा होता. क्लाइव्ह लगेच इलोना झाला. लॉर्नाने चेंडू जाळीला घासून पलीकडे टाकायचा आणि हात वर करायचा, एवढंच. पण ज्या चेंडूने न विचारता तिचं आयुष्य फिरवलं, तो आता तिने विनवण्या केल्या तरी काही पट्टीला लागेना. एक वरून जाई, एक जाळीत अडके. क्लाइव्ह नुसता चेंडू परत मारून मारून लालबुंद झाला.

"इलोनाला एवढी धाप नव्हती लागली," काकडीवाल्या बाईने टोमणा मारला.

"इलोनाचा गुडघा स्टीलचा नव्हता," क्लाइव्ह म्हणाला.

बायका हसल्या, लॉर्नाही हसली, आणि हसता हसता तिने एक बॅकहँड मारला, सरपटता, जुन्यासारखा. तो पट्टीला घासला. तिथे बसला. पलीकडे टपकला.

लॉर्नाचा हात आपोआप वर गेला.

सगळ्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. फोटोवाला ओरडला, अस्संच, हलू नका. पण क्लाइव्ह इतका वेळ इलोना होऊन राहिला होता की त्याला थांबायचं सुचलं नाही. तो स्टीलच्या गुडघ्यानिशी पुढे झेपावला आणि जमिनीला टेकता टेकता रॅकेट चेंडूखाली घातली. चेंडू उंच उडाला. क्लबाच्या छपराएवढा वर गेला आणि मग सावकाश, अगदी सावकाश, लॉर्नाच्या बाजूला खाली यायला लागला.

लॉर्ना हात वर करून उभी होती. काकडीवाल्या बाया कुंपणाशी हात छातीवर धरून उभ्या होत्या. हलायचं नाही, फोटोवाला पुन्हा म्हणाला. अख्खं थॉर्नबी तो हात बघत होतं, आणि चेंडू एकटी विनी बघत होती. तिने चहाचा कप खाली गवतावर ठेवला.

"लॉर्ना, चेंडू अजून चालू आहे," विनी म्हणाली. "मार ना, गाढवे. तेव्हाही मारायचाच होतास."