मागचं डावं चाक

"कुंकू जरा बेतानं लाव, पोरी. गाडीचं लगीन न्हाई," चालकाच्या खिडकीतून वाकून युनूसचाचा म्हणाले.

"नजर लागू नये म्हणून लावतीय, चाचा. बघायला केवढी पार्टी आलीया," असं म्हणून रेणुका वाटी घेऊन मागच्या चाकाकडे वळली.

तळेगावच्या पुढच्या त्या कारखान्यात शहरात फिरणाऱ्या बस तयार होत. गिऱ्हाइकाला दाखवायला गाडी खंडाळ्याच्या घाटात न्यायची झाली की चाकं बसवणाऱ्या बाईने चारी बाजूंना हळदकुंकू लावायचं आणि चालकाने नारळ फोडायचा, अशी रीत होती. ती कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एका नव्या साहेबाने युनूसचाचांना विचारलं होतं की तुम्ही नारळ कसा काय फोडता. "घाटात गाडी मी न्हेणार, मग दुसऱ्यानं फोडून माजा काय फायदा?" असं चाचा म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला.

गाडीत प्रत्येक सीटवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं पट्ट्याने बांधून ठेवलं होतं. कारखान्यात त्या पोत्यांना प्रवासी म्हणत. फार गुणी प्रवासी, दारात लोंबकळत नाहीत, असं चाचा नेहमी म्हणत. आज त्यांच्या पुढच्या रांगेत खरी माणसंही बसली होती. कुठल्याशा मोठ्या शहराच्या बससेवेचे तीन अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी कंपनीच्या विक्रीचं काम बघणारे कैलास साहेब. भरलेली गाडी घाट कशी उतरते आणि कशी चढते हे त्या लोकांना स्वतः बसून बघायचं होतं. पसंत पडली तर दोनशे गाड्यांची ऑर्डर मिळणार होती, आणि ती मिळाली की कंत्राटातल्या बायकांना कायम करणार, असं सहा महिने सगळे म्हणत होते.

नारळ फुटला. विजेवरची गाडी, त्यामुळे काही आवाज न करता ती फाटकाबाहेर पडली. रेणुकाने कुंकवाची बोटं पदराला न पुसता रुमालाला पुसली आणि ती आपल्या जागेवर आली.

तिथे पुढची गाडी उभी होतीच. चाक चढवून तिने नट हाताने फिरवून बसवले. आता लांब दांड्याचा मोठा पाना घेऊन एकेक नट टक्क आवाज येईपर्यंत आवळायचा आणि मग त्याच्यावर पिवळ्या पेनाने ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे नट आवळला. पुढचा तपासणारा माणूस ठिपका बघतो, नट बघत नाही. पण मोठा पाना होता एकच. तो इकडे रेणुकाला आणि पलीकडच्या बाजूला हिराला असा दोघींत फिरायचा. दुसरा पाना दुरुस्तीला गेला तो गेलाच. मग जिच्या हातात पाना नसेल ती थांबून काय करणार? ती आधी ठिपके देऊन ठेवायची. पाना आला की आवळायचं. वेळ वाचायचा, लाइन अडायची नाही, वरचे खूश असायचे.

रेणुकाने सवयीने पेनाचं टोपण काढलं. पहिला ठिपका दिला, दुसरा दिला आणि तिचा हात तिथेच थांबला.

काल दुपारी, आत्ता घाटाकडे गेलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला तिने असेच ठिपके दिले होते. पाना यायची वाट बघत ती उभी होती. तेवढ्यात सुपरवायझर संदेश धावत आला की पार्टी एक दिवस आधीच येतेय, सगळं सोडा आणि वाळूची पोती बांधायला चला. ती गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा चाकावर ठिपके होते. ठिपके बघून ती पुढे गेली.

मग पाना कधी लावला?

तिने आठवून बघितलं. पुढच्या चाकांचा टक्क आठवत होता. उजव्या बाजूचं काम हिराचं. मागच्या डाव्याचा आवाज काही केल्या कानात येईना.

"हिरा, काल दुपारनंतर मी पाना मागितला व्हता का गं तुज्याकडं?"

"न्हाई." हिरा चाकाआडून म्हणाली. "काल सांजच्यापतूर माज्याकडंच व्हता की. का?"

रेणुकाने पेन खिशात टाकलं आणि फोन घ्यायला कपाटाकडे गेली. लाइनवर फोन आणायला बंदी होती. तिकडे चाचांचा फोनही बंदच. गाडी चालवताना ते फोन डब्यात टाकून ठेवत. दोनदा लावला, दोनदा तीच बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

मग ती संदेशकडे गेली. संदेश तळेगावचाच, तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बायकांशी नीट बोलणारा मुलगा होता. त्याने सगळं ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"नक्की आवळलं नाही, की फक्त आठवत नाहीये?"

"पाना हिराकडंच व्हता, साहेब."

"ठिपके बघून मी गाडी पास केलीय, रेणुकाताई."

"व्हय. म्हणून तुमाला सांगतीय. कैलास साहेबांस्नी फोन लावा. गाडी थांबवा म्हणा."

संदेशने फोन हातात घेतला. नाव काढलं. स्क्रीनकडे बघत राहिला. "त्यांच्या शेजारी पार्टी बसलीय. काय सांगू? आमच्या गाडीची चाकं ढिली आहेत, उतरा?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हाताने बसवलेले नट असतात ना घट्ट. एवढ्या एका फेरीत काही होत नाही."

पण हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. खंडाळ्याचा उतार दोघांनाही माहीत होता. भरलेली गाडी ब्रेकवर वळण घेते तेव्हा चाकांच्या नटांवर केवढा ताण येतो हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तो भित्रा होता असं म्हणून मोकळं होता येईल, पण तिच्या जागी दुसरी एखादी असती तर कदाचित तीही गप्पच बसली असती. कायम होण्याचा महिना होता. रेणुकाच्या घरी उर्सेत सासू कस्तुराबाई गुडघे धरून बसलेली होती आणि मुलगी कोमल नुकतीच तळेगावच्या कॉलेजला जाऊ लागली होती, बसने.

रेणुका कँटीनच्या मागे गेली. जुन्या हायवेवर, लोणावळ्याच्या अलीकडे वलवणला तिच्या चुलतभावाची चहाची टपरी होती. नवी गाडी असली की घाटाआधी चाचा तिथे हटकून थांबत, चाकांना उलटा हात लावून गरम झालीत का बघत, मग चहा. आज साहेब लोक बरोबर होते. थांबतील की नाही कोण जाणे.

"सीतारामदादा, आमची नवी गाडी गेली का रं?"

"कंची?"

"पांढरी. निळा पट्टा. आवाज न्हाई येत तिचा, नजरंनंच बघाय लागंल."

"न्हाई बा. मी हितंच हाय. न्हाई गेली."

"आली की थांबव. काय बी कर. आडवा व्हय."

"अगं येडी झाली का? काय झालंय?"

"दादा, चाक ढिलं हाय. माज्या हातचं हाय."

सीताराम म्हणाला, "फोन ठेवू नगं," आणि तिला स्टोव्हचा आवाज ऐकू आला, कुणीतरी दोन कटिंग मागितले, सीताराम म्हणाला थांबा जरा. मग ट्रकचे आवाज. मग नुसते ट्रक. रेणुका भिंतीला टेकून उभी राहिली. वाळूच्या पोत्यांच्या पुढे बसलेली ती तीन माणसं तिला डोळ्यांसमोर दिसत होती. त्यातल्या एकाने सकाळी तिला कुंकू लावताना बघून हात जोडले होते. घरी त्याचीही वाट बघत असतील. चाचांची बायको अकबरी गेल्या ईदला सगळ्या लाइनला पुरेल एवढा शीरखुर्मा घेऊन आली होती. हे सगळं तिला कशाला आठवत होतं कुणास ठाऊक, पण ते थांबत नव्हतं.

"आली," सीताराम ओरडला. "युनूसभाई हात करतोय. थांबत न्हाई वाटतं आज. ए, ए, थांब..."

फोन कशावर तरी आपटला. हॉर्न वाजला, लांबलचक. मग काहीच समजेना. रेणुकाने डोळे घट्ट मिटून घेतले. देवाचं नाव घ्यावं एवढंही तिला सुचलं नाही.

"कोण हाय?" चाचांचा आवाज आला. धापा टाकत होते, रागात होते. "ह्यो बाबा मरता मरता वाचला."

"चाचा, मी रेणुका. मागचं डावं चाक."

चाचांनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

गाडी दुपारनंतर परत आली, गेली होती तशीच, काही आवाज न करता. अधिकारी हसत उतरले. कैलास साहेब तर हवेतच होते. घाट लोण्यासारखा उतरला म्हणाले. आणि घाटाआधी गाडी थांबवून चालक स्वतः गाडीतल्या पान्याने चारी बाजूंचे नट तपासून आवळतो, ही कंपनीची पद्धत पार्टीला फार आवडली म्हणाले. त्यांनी तर त्याचं शूटिंगसुद्धा केलं होतं. संदेशने हे ऐकलं आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने लाइनवर पेढे आले.

युनूसचाचा नळावर हात धूत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होते. रेणुका शेजारी जाऊन उभी राहिली.

"किती?"

"सहा नट बोटानं फिरत व्हते." त्यांनी नळ बंद केला. "तळेगाव सोडल्यापासनं मागनं थरथर लागत व्हती. मला वाटलं, पोती हलत्यात. साहेब म्हणले आज चहा नको, उशीर हुतोय. मी बी व्हय म्हणलं." त्यांनी हात झटकले. "कुणाला कळलं न्हाई. तू बी बोलू नगं. झालं ते झालं, पोरी. पेढा खा."

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं. गाडी वाचली, माणसं वाचली, चाचा समोर उभे होते. तिने पेढा तोंडाजवळ नेला. मग तिची नजर समोर अंगणात गेली. विकलेल्या गाड्या तिथे उभ्या असत. आता अंगण रिकामं होतं. पाना एक झाल्यापासून तिथून किती गाड्या गेल्या, कुठकुठल्या गावांना गेल्या, तिला माहीत नव्हतं. त्या सगळ्यांच्या चाकांवर पिवळे ठिपके होते. कालची गोष्ट तिला आठवली, कारण काल पोती बांधायची होती. आधीच्या कुठल्या दिवशी कुणी हाक मारली होती? कुठल्या गाडीच्या वेळी? त्या गाड्यांत आता पोती बसत नव्हती. कुठल्यातरी शहरात कुणाची तरी कोमल कॉलेजला चालली असेल, खिडकीशी बसून.

ती पेढा हातात तसाच घेऊन संदेशच्या खोलीत गेली. कैलास साहेब तिथेच बसले होते. संदेशने तिला बघितलं आणि हाताने नको, नको अशी खूण केली.

"साहेब, आमी ठिपके आधी देतो आन् मग आवळतो," रेणुका म्हणाली. "पाना एक झाल्यापासनं. आजच्या गाडीचं चाक म्या आवळलंच नव्हतं. चाचांनी वाटंत आवळलं. आधी गेल्यात त्या गाड्या तपासाय पायजेत."

कैलास साहेबांनी पेढ्याचा खोका बंद केला. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

तिने सांगितलं. ते संदेशकडे वळले. "कंत्राटात आहेत ना या?" मग पुन्हा तिच्याकडे बघत म्हणाले, "तपासून घेऊ आपण. गवगवा न करता. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"तपासणार कदी, साहेब?"

"घेऊ म्हटलं ना."

"मला कळवाल का?"

संदेश खिडकीबाहेर बघत होता. रेणुकाने गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला, खिशातलं पिवळं पेन त्याच्या शेजारी ठेवलं. पेढा कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तो हातातच राहिला.

पाळी सुटल्यावर माणसांना घरी सोडणारी गाडी फाटकाशी लागली. तीही याच कारखान्यात तयार झालेली होती, याच लाइनवरून उतरलेली. रोज संध्याकाळी रेणुका तिच्यात बसून उर्सेपर्यंत पेंगत जायची. आज सगळ्या बायका चढल्या तरी ती खालीच उभी राहिली. मग मागच्या चाकाशी जाऊन उकिडवी बसली आणि एकेक नट बोटांत धरून फिरवून बघू लागली. जोर लावून, पुन्हा पुन्हा. सकाळचं कुंकू अजून तिच्या नखांत होतं.

"काय सांडलं का, ताई?" चालक अमृत वरून म्हणाला. त्याने एकदा हॉर्न वाजवला.

हिराने खिडकीतून खाली बघितलं. क्षणभर बघितलं आणि ती उठली, बायकांच्या गर्दीतून वाट काढत खाली उतरली आणि काही न विचारता उजव्या बाजूला गेली. अमृतने पुन्हा हॉर्न वाजवला नाही.

"हिकडचे घट हायेत गं, रेणुके," गाडीच्या पलीकडून हिराचा आवाज आला.

"थांब," रेणुका म्हणाली. "माजं अजून एक चाक ऱ्हायलंय."