सावलीत ये

वकीलबाई जन्मात कधी कोर्टाची पायरी चढल्या नव्हत्या. त्या विम्याच्या पॉलिसी विकायच्या. पण ल्युपस नावाच्या आजाराच्या पेशंटांची जी छोटीशी संघटना होती, तिच्यात कुणासमोर बोलायची वेळ आली की सगळे आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग बाईंकडे, म्हणून हे नाव पडलं. विमा विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माणूस आकडे ऐकून मान डोलावतो, सही मात्र घाबरल्यावर करतो. बाईंचं सगळं कसब एवढ्यात आलं, आणि पुढे जे झालं तेही त्यातूनच आलं.

पेशंट त्या स्वतः नव्हत्या, त्यांची धाकटी बहीण होती. धाकटी एकेकाळी जमिनीची मोजणी करायची. दिवसभर माळ तुडवून संध्याकाळी घरी येताना शीळ घालणारी मुलगी. तिला या दुखण्याने खोलीत बसवलं. शरीराची राखण करणारी शक्तीच यात शरीरावर उठते. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? आज सांधे, उद्या कातडी, परवा किडनी. त्यात ऊन तर उघड वैरी. ऊन लागलं की धाकटीच्या गालांवर लाल चट्टे उठायचे आणि मागोमाग आत कुठेतरी बिनसायचं. म्हणून ती जाड पडदे ओढून बसायची आणि दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे नकाशे काढायची. बाहेर पडताना एवढी मोठी टोपी घालायची की वकीलबाई तिला चालती छत्री म्हणत.

संघटनेचं मागणं साधं होतं. सरकारने अशा आजारांवरच्या संशोधनाला वेगळा निधी द्यावा. धाकटी रोज जी गोळी घ्यायची ती मुळात मलेरियासाठी निघालेली. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून किती दिवस काढायचे? सांध्यांचे डॉक्टर वेगळे, कातडीचे वेगळे, किडनीचे वेगळे, सगळा बारभाई कारभार, आणि आजाराला वाली कुणी नाही.

मागच्या वर्षी हे सगळं बाईंनी सरकारी समितीपुढे मुद्देसूद मांडलं होतं. शेजारी धाकटीला बसवलं होतं. समितीचे अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी धाकटीकडे बघून कौतुकाने म्हटलं, "यांची तब्येत तर छान दिसतेय." सगळे हसले, धाकटीसुद्धा हसली, आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. घरी जाताना धाकटीच वकीलबाईंची समजूत घालत राहिली, जणू छान दिसणं हा तिचाच गुन्हा होता.

या वर्षी पुन्हा तारीख मिळाली आणि नेमके धाकटीचे चांगले दिवस चालू होते. ताप नाही, सूज नाही, चेहरा नितळ. सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली तेव्हा कुठल्याही बहिणीला आनंद व्हावा. वकीलबाईंना मागचं वर्ष आठवलं. त्या म्हणाल्या, "आज तू इतकी टवटवीत दिसतेस की तुला बघून समिती निधी द्यायच्याऐवजी आपल्याकडूनच मागेल."

म्हटलं ते हसतच. धाकटीनेही हसण्यावारी नेलं. पण गाडीत एकदा तिने आरशात चेहरा बघितला.

समितीचं काम सरकारी कामाच्या रीतीने रखडलं. आधी कुठल्याशा पुलाचा विषय निघाला, मग चहा, मग पुन्हा पूल. यांची पाळी जेवणानंतर येईल असं शिपायाने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात बाकांवर बसून सगळे कंटाळले. धाकटी उठली, जरा खाली पाय मोकळे करून येते म्हणाली आणि गेली.

बऱ्याच वेळाने वकीलबाईंची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. तिथे टोपी होती.

त्या खिडकीशी गेल्या. खाली चौकात मधोमध दगडी बाक होता आणि त्यावर धाकटी बसली होती, भर दुपारच्या उन्हात, चेहरा वर करून, डोळे मिटून. चार पावलांवर झाड होतं, झाडाखाली दुसरा बाक होता, तोही रिकामा. विसरून बसली असेल असं म्हणायची सोय नव्हती. ही मुलगी फाटकापर्यंत जातानासुद्धा टोपी विसरत नसे.

खिडकी उघडीच होती. 'सावलीत ये' एवढंच म्हणायचं होतं. वकीलबाईंनी तोंड उघडलंही. पण मनात अध्यक्षांचं ते कौतुकाचं वाक्य आलं आणि त्यांना वाटलं, काही लहान नाही ती, तिचं तिला कळतं. मग वाटलं, थोडाच वेळ. मग खालून कुणीतरी बघेल म्हणून त्या खिडकीपासून बाजूला झाल्या, बाकावर येऊन बसल्या आणि सरळच असलेले कागद पुन्हा सरळ करू लागल्या. टोपी त्यांनी पिशवीत ठेवून दिली.

पाळी आली तोवर धाकटीच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उमटला होता. दोघी खोलीत शिरल्या आणि अध्यक्षांनी हातातला कप खाली ठेवला. वकीलबाई त्या दिवशी अशा बोलल्या की संघटनेचे लोक अजून सांगतात. मलेरियाची गोळी सांगितली, वेगवेगळे डॉक्टर सांगितले, कुंपण आणि शेत सांगितलं. शेवटी धाकटीकडे हात करून त्या म्हणाल्या, "हिच्याकडे बघा. मागच्या वर्षी तुम्हाला ही छान दिसली होती."

कुणी हसलं नाही. निधीची शिफारस झाली. बाहेर आल्यावर संघटनेच्या लोकांनी बाईंचे हात धरले, एका म्हाताऱ्या पेशंटला रडू फुटलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. थंडी वाजतेय, घरी जाऊ या, म्हणाली.

त्या आठवड्यातच तिला दवाखान्यात हलवावं लागलं. आधी ताप, मग पायांवर सूज, मग किडनीवर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. उन्हात गेल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "थोडा वेळ." वकीलबाई तेव्हा पाण्याची बाटली भरायला उठल्या, आणि बाटली भरलेलीच होती.

अभिनंदनाचे फोन येत होते. प्रत्येक फोन कानशिलात बसत होता. डॉक्टरांनी फक्त बहिणीला विचारलं, आपल्याला नाही, याचं बाईंना हायसं वाटलं होतं आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना किळस आली होती. त्यातच अध्यक्षांच्या कार्यालयातून फोन आला. शेवटची मंजुरी वरच्या समितीत होणार होती आणि त्या बैठकीला बहिणीलाही आणा, असं साहेबांनी मुद्दाम सांगितलं होतं. बघून परिणाम होतो, असं पलीकडचा माणूस अगदी आदबीने म्हणाला. बाईंनी नंतर कळवते म्हणून फोन ठेवला.

दुपारी वॉर्ड शांत होता. धाकटीचा चेहरा सुजला होता, पण डोळे उघडे होते. वकीलबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"त्या दिवशी मी तुला खिडकीतून बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "टोपी वर आहे हेही माहीत होतं. मी बोलावलं नाही तुला."

धाकटीने मान त्यांच्याकडे वळवली.

"मला माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "मीही बघितलं तुला. मध्येच डोळे किलकिले केले तर तुझ्या त्या निळ्या बाह्या दिसल्या. मग मी पुन्हा डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हाक येईल आणि मग उठू."

वकीलबाईंनी पलंगाची कड धरली. निधीसाठी केलं, सगळ्यांसाठी केलं, तुझ्यासाठीच केलं, ही सगळी वाक्यं त्यांच्याजवळ तयार होती. विमा विकणाऱ्या बाईकडे वाक्यांना काय तोटा. त्यांनी एकही काढलं नाही. मग धाकटीने मघाचा फोन कुणाचा होता ते विचारलं. खोटं बोलणं जमेना, म्हणून त्यांनी सांगितलं आणि घाईघाईने पुढे म्हणाल्या की तुला न्यायचा प्रश्नच नाही, मी एकटी जाईन, निधी गेला खड्ड्यात.

"निधी कशाला खड्ड्यात घालतेस," धाकटी म्हणाली. "तो हवाच आहे. बरी झाले तर येईन मी. जशी दिसेन तशी येईन, छान तर छान."

"बरं."

"पण उन्हात दिसले तर या वेळी हाक मार."

वकीलबाईंनी मान हलवली. पलंगाच्या पायथ्याशी खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उठल्या आणि पडदा ओढायला गेल्या.