अकरा नंबरचं पाणी

शुक्रवार हा अबू धाबीकडच्या रुवैसच्या कामगार-कॅम्पात कपडे धुवायचा, फोनच्या रांगेत उभं राहायचा आणि उरलेला वेळ झोपून काढायचा वार. दगडू मात्र दोन वर्षं दर शुक्रवारी पहाटे साडेचारला उठून, तेही फुकट, दुसऱ्याची गाडी हाकायला वाळवंटात जात होता. खोलीतले बाकीचे सात जण त्याला वेड्यात काढत. सहा दिवस पाण्याचा टँकर चालवून माणसाची हाडं खिळखिळी होतात, आणि हा सातव्या दिवशी हरणं मोजायला जातो. शेजारच्या खाटेवरचा शौकत तर तोंडावरच विचारायचा, "दगडूभाई, हिरन तनखा देता है क्या?"

हरणं मोजायचं काम संपदाचं. अबू धाबीत वाढलेली पंचविशीतली मुलगी. पदवीसाठी या भागातल्या हरणांचा अभ्यास करत होती. वाळूतल्या वाटा ठाऊक असलेला ड्रायव्हर हवा म्हणून तिनं दगडूला गाठलं. कॅम्पात "ए टँकर" एवढीच हाक ऐकणारा दगडू तिनं "काका" म्हटल्याबरोबर विरघळला. तिसरा तिचा मित्र परेश, बँकेत नोकरीला. गाडी त्याचीच. तो मागच्या सीटवर वही घेऊन बसायचा आणि दोन थांब्यांच्या मधे डुलक्या काढायचा.

काम ऐकायला सोपं होतं. तीस किलोमीटरची ठरलेली वाट आणि तिच्यावर पंधरा थांबे. प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करायचं, गाडीतून उतरायचं नाही, बोलायचं नाही, दहा मिनिटं दुर्बिणीतून बघायचं आणि दिसतील तेवढी जनावरं लिहायची. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. बहुतेक थांब्यांवर शून्यच असायचं. दहा मिनिटं गप्प बसून शून्य लिहिणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. टँकर हाकून शरीर दुखतं, यानं जीव शिणतो.

आजची फेरी शेवटची होती. सन दोन हजार एकचा मे महिना संपत आला होता आणि सकाळी आठलाच गाडीचं दार हाताला चटका देत होतं. रविवारी संपदा अहवाल देणार होती. मंगळवारी दगडू कायमचा गावी जाणार होता. चौदा वर्षांनी कंपनीनं हातात कागद ठेवला होता. वय झालं, खलास. पण त्याला घोर लागला होता तो वेगळाच. आठ दिवस तो मनाशी वाक्य जुळवत होता आणि आज प्रत्येक थांब्यावर गिळत होता.

दहा थांबे झाले. आठ ठिकाणी शून्य, एका ठिकाणी कोल्हा, एका ठिकाणी नुसते पायांचे ठसे. परेश घोरायला लागला होता.

अकरा नंबरवर मात्र सहा हरणं उभी होती. अंगानं फिकट, वाळूच्या रंगाची. इथले अरब त्यांना रीम म्हणतात. अकरावर ती असायचीच. उंचवट्यापलीकडे घाफची दोन झाडं होती, दगडूला ती गावाकडच्या शमीसारखीच वाटत. त्यांच्या आसपास हरणं घोटाळत राहायची.

"बघितलंत काका?" संपदा हळूच म्हणाली. "हा पॉइंट म्हणजे माझा पूर्ण चॅप्टर आहे. इथल्या झुडपांत काहीतरी स्पेशल आहे. एवढ्या एरियाला कुंपण घालावं असं मी रिपोर्टमध्ये मागतेय."

दगडू तिच्याकडं वळला. आता नाही तर कधीच नाही.

"ताई, एक काम सांगायचं हुतं. मी मंगळवारी चाललो. माझ्यामागं त्या पिंपात पाणी कोण टाकंल, तेवढं बघा."

"कुठल्या पिंपात?"

"त्या झाडांमागं. अर्धं कापलेलं पिंप पुरलंय न्हवं का मी. दर गुरुवारी तेलाच्या रिगच्या कॅम्पला पाणी टाकून परततो, तवा नळीत उरल्यालं त्यात सोडतो. मुकी जनावरं हायत, उन्हाळ्यात तडफडतील. परेशसाहेब गाडी आणतील तर दोन कॅन पुरतील."

संपदानं दुर्बीण खाली केली. मागं परेशचं घोरणं थांबलं.

"काका, किती दिवस?"

"तुमचं मोजणं चालू झालं त्याच्या आगुदरपासनं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

दगडूला खरोखर कळेना. पाणी ठेवणं ही काय सांगायची गोष्ट आहे? त्याच्या माण तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो, तरी चैत्र लागला की दाराबाहेर दगडी डोणीत जनावरांसाठी पाणी असतंच. घरात एक हंडा असला तरी त्यातलं तांब्याभर डोणीत जातं. कोणी त्याची दवंडी पिटत नाही. तिनं दोन वर्षांत हजार प्रश्न विचारले होते, पण पाणी ठेवता का, हे विचारलं नव्हतं.

"दोन वर्षांचा डेटा, काका." संपदा म्हणाली. "मी झुडपांवर चाळीस पानं लिहिलीत. ती झुडपांसाठी येतच नव्हती. तुमच्या पाण्यासाठी येत होती."

करायला गेलो गणपती अन् झालं माकड. दगडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची दोन वर्षं आपण पाण्यात घातली. तरीही, लाज वाटत असतानाही, त्याच्या तोंडून तेच निघालं. "चुकलं माझं. पर जनावरांचं काय, ताई? त्यांना ठावं न्हाई मी चाललोय त्ये."

संपदानं परेशच्या हातातून वही ओढली आणि पानं उलटायला लागली. बराच वेळ उलटत राहिली.

"तुम्ही गेल्या वर्षी रजेवर कधी गेला होतात?"

"मे म्हयन्यात. दोन महिनं. थोरलीचं लगीन हुतं."

त्या दोन महिन्यांत गाडी परेशनं चालवली होती आणि दोनदा वाळूत रुतवली होती. संपदानं वही दगडूपुढं धरली. इंग्रजी आकडे दगडूला वाचता येत. अकरा नंबरपुढं शून्य, शून्य, शून्य. आणि वर तीन नंबरपुढं चार, सहा, सहा.

"ती मेली नाहीत, काका. तिकडे तीन नंबरला गेली. ऐन मे-जूनमध्ये. पाला खाऊन, दवावर राहिली. ती हजारो वर्षं अशीच राहतात. तुमच्या पाण्यावाचून त्यांचं अडत नाही."

तिला टोचून बोलायचं नव्हतं, उलट धीरच द्यायचा होता. पण दगडूच्या ते वर्मी बसलं. त्याच रजेत तो घरी दोन महिने पाहुण्यासारखा बसला होता. तानुबाईनं, त्याच्या बायकोनं, स्थळ ठरवलं होतं, मांडव घातला होता, विहिरीची मोटर बदलली होती. कशालाही त्याला विचारावं लागलं नव्हतं. तो नुसता अक्षता टाकायला उभा होता. परतल्यावर गुरुवारी पिंप भरताना त्याला बरं वाटलं होतं, की जगात कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं. ते सहा जीवही आता हातचे गेले.

"आज राहू दे," संपदा मवाळ होऊन म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी मी येऊन पिंप काढून टाकते."

"नगं. मीच काढतो."

त्यानं गाडीतलं फावडं घेतलं. नियम मोडून तो उतरला, तशी हरणं दूर पळाली आणि उंचवट्यावर थांबून बघत राहिली. कालच भरलेलं पिंप काठोकाठ होतं. एका बाजूची वाळू उपसताना त्याचा श्वास फुलला. परेश धावत आला आणि दोघांनी मिळून ते कलतं केलं. पाणी वाळूत गेलं आणि पाहता पाहता नुसता ओला डाग उरला. दगडू फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. डोळे पुसायला त्यानं घामाचं निमित्त केलं.

गाडीत संपदानं त्याला पाण्याची बाटली दिली. मग परेशला म्हणाली, "अकराला सहा लिही. आणि शेरा लिही, पाणी ठेवलं होतं, आज काढलं. सगळ्या जुन्या पानांवरही लिहावं लागेल. रविवारची मुदत वाढवून घेते, चॅप्टर नव्यानं लिहीन मी."

दगडूनं चावी फिरवली, पण गाडी सोडली नाही.

"ताई, मी रजेवरनं परत आलो, पुन्यांदा पाणी टाकाया लागलो. तवा ती किती दिसांनी आली हिकडं?"

संपदानं पानं उलटली. "लगेच नाही आली. पहिल्या शुक्रवारी शून्य. दुसऱ्यालाही. तिसऱ्या शुक्रवारी दोन दिसली, चौथ्याला सगळी."

"चार आठवडं."

"हो. सवय व्हायला वेळ लागतो."

दगडूनं समोरच्या वाटेकडं पाहिलं. अजून चार थांबे बाकी होते. तानुबाईला त्याच्यावाचून राहायची चौदा वर्षांची सवय होती. तिला चार आठवडे कुठले पुरणार?

"लागू दे," तो म्हणाला. "मी बसंन दारात." आणि त्यानं गियर टाकला.