आठ तारा धरणारी पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, तेव्हा हात मागे घेऊ नका. मँडोलिनच्या बुडाशी, जिथे आठही तारांची टोके अडकवतात, तिथली मी पत्र्याची पट्टी.

कारखान्यात यंत्राने मला पत्र्यातून दाबून काढले. आठ आकड्या आणि वर एक झाकण, एवढाच माझा संसार. तारा दिवसरात्र ओढत, मी धरून राही. कौतुक मात्र तारांचे होई. तारांखाली लाकडाची घोडी उभी असे. ती चिकटवलेली नसते. तारांचा दाब असतो म्हणून उभी राहते. केसभर सरकली तरी सूर बिघडतात. आमच्या घरच्या बाबांनी ती तरुणपणी स्वतःच्या कानांनी जागेवर बसवली होती.

पुढे माझ्या आकड्या वाकल्या. तारा निसटू लागल्या, झाकण थरथरू लागले. "डब्यात चमचा टाकून हलवल्यासारखं वाजतंय!" आई स्वयंपाकघरातून म्हणे. बाबा नुसते हसत. त्यांना ती खडखड ऐकूच येत नसे. कान मंदावले होते.

ती खडखड थांबावी म्हणून लेकीने पितळेची जाड, नवी पट्टी आणली. बाबा केस कापायला गेले असताना तिने सगळ्या तारा सोडल्या आणि मला काढून टेबलावर ठेवले. घोडी घरंगळून खाली पडली. तिचे पाय जिथे टेकले होते, तिथे लाकडावर धुळीची बारीक रेघ उरली होती. जागेची तेवढीच खूण. लेकीने फडके घेतले आणि मोठ्या मायेने ती रेघ चकचकीत पुसून टाकली. मी बघत होते. पत्र्याला ओरडता येत नाही.

बाबा आले. नव्या पितळेवरून त्यांनी बोट फिरवले.

"छान आहे गं. आणि घोडी?"

"पडली होती. बसवली मी, मोबाइलवर सूर तपासून. काटा अगदी मध्ये येतोय, बघा!"

बाबांनी एकही तार छेडली नाही.

"चुकलं का बाबा काही?"

"नाही गं, बरोबरच असेल. माझ्या कानांनी लावलेलं तेवढं एकच उरलं होतं, म्हणून."

त्यांनी मँडोलिन पेटीत ठेवले. मग कित्येक दिवस पेटी उघडली नाही. "आता चमचाही वाजत नाही," आई म्हणाली, पण हसले कोणीच नाही. लेक पेटीजवळून जाताना मान खाली घाली.

एका दुपारी तिने पेटी उघडली, तारा सैल केल्या आणि मँडोलिन बाबांच्या मांडीवर ठेवले.

"तुम्हीच बसवा घोडी."

"मला काय डोंबल ऐकू येणार?"

"नाही आलं तर नाही. बसवा."

बाबांनी जबडा लाकडाच्या कडेला टेकवला. सूर हाडातून आत जाऊ लागला. घोडी सरकव, तार ताण, छेड, पुन्हा सरकव. कपाळावर घाम आला. शेवटी ते पुटपुटले, "हं. इथं."

लेकीच्या कानाला वरचा सूर किंचित उतरलेला लागला. काटाही बाजूला झुकला होता. तिने मोबाइल पालथा ठेवला.

"जमलं का गं?"

"वाजवा ना, बाबा."

ते वाजवू लागले. तो सूर मी खणात, जुन्या स्क्रूंच्या शेजारी पडून ऐकला.

मित्रांनो, जुने बदलूच नका, असे मी म्हणणार नाही. नवी पट्टी माझ्यापेक्षा बळकट आहे. पण एखादी वस्तू काढण्याआधी तिने काय धरून ठेवले आहे, ते बघा. आणि ती ज्याची आहे, तो घरी येईपर्यंत थांबा.