सिदूच्या गल्ल्याखालचं कार्ड

मी एक नखाएवढं मेमरी कार्ड बोलतंय. आवाज बारीक आहे माझा, जरा जवळ या.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ठाऊक नाही. वाढलं मात्र नांदूरघाटात, सिदूच्या मोबाईलच्या दुकानात. ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की तिथं झुंबड. फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, कुठली रेंज? म्हणून रिकामं कार्ड द्यायचं आणि गाणी-कीर्तनं भरलेलं न्यायचं. पण काही बापे हळूच म्हणत, "तसलं हाय का बे?" मग गल्ल्याखालून मी निघे. भाड्यानं जाई, हंगाम संपला की परत येई. किती मोबाईल पाहिले मी! बायको आली की कसे झटकन पालथे होतात.

यंदा घाईत घोटाळा झाला. टोळी ट्रॅक्टरात बसलेली, मुकादम ओरडतोय, आणि सिदूनं कीर्तनाचं म्हणून मलाच टोळीतल्या बायडाबाईच्या हातावर ठेवलं. तिनं सासूला, विमलबाईला ऐकवायला तिथंच मोबाईलात लावलं. म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. बायडाबाई ट्रॅक्टरातून उतरली ती थेट चौकीत.

जमादार मला घेऊन दुकानात आले. सिदूनं हात झटकले. "कार्ड माजं न्हाईच साहेब. हिनंच कुठून आणलं असंल."

जमादार गर्दीकडं वळले. "नुसतं बघणाऱ्यावर गुन्हा न्हाई. विकणाऱ्यावर, भाड्यानं देणाऱ्यावर हाय. आणखी कुणाला दिलं यानं? बोला."

 दर हंगामाला मला नेणारा आसाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

सिदूला जोर चढला. "का वं वैनी, लई येळ बघितलं का?"

माणसं खिदळली. बायडाबाईचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

"काय हाय ते वळखू येईस्तवर बघितलं," ती म्हणाली. "जमादार, लिहून घ्या. ह्यानंच दिलं, मी पाह्यलं. सही कुठं करू?"

आता मी लाखेचं सील लावलेल्या पाकिटात अंधारात पडून आहे. तारीख पडेल. वकील भरल्या कोर्टात तिला विचारेल, बाई, नेमकं काय पाहिलंत? ती सांगेल; तेवढी छाती आहे तिची. तुम्ही तिथं असाल तर हसू नका.

आणि आसाराम, तुझ्यावर गुन्हा नाही. फक्त लाज आहे, आणि तुझ्या वाटचीही बायडाबाई एकटीच वाहते आहे. साक्षीला उभा राहा.