नवव्या प्रश्नाचे तीन गुण

पाचवीच्या गणिताचा पेपर काढायला स्नेहल मॅडमना चार दिवस लागले. त्यातले तीन एकट्या नवव्या प्रश्नाने खाल्ले. मॅडम अमळनेरच्या. शिरपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या या शाळेत येऊन वर्ष झालेलं, आणि वर्षभर तक्रार एकच: पुस्तकातली गणितं या पोरांच्या गावची नाहीत. पुस्तकात लिफ्ट आहे, मॉल आहे, मोहाचं झाड मात्र नाही. म्हणून त्यांनी लिहिलं:

'भुरीबाई रोज सहा किलो मोहफुले वेचते आणि अंगणात पसरते. पाच दिवसांनंतर ती सगळी मोहफुले बाजारात नेते. तिने किती किलो मोहफुले नेली?'

'अंगणात पसरते' हे शब्द त्यांना इतके आवडले, की मुख्याध्यापक तोताराम सरांना त्यांनी ते दोनदा वाचून दाखवले. सर असोद्याचे, केळीच्या मळ्यात वाढलेले.

"झकास," सर म्हणाले. "उत्तर?"

"तीस."

"मग टाका."

सतरा पोरं बसली. नऊ जणांनी तीस लिहिलं. सहा जणांनी सहा, एकाने सात, आणि लखनने अकरा. मॅडमनी आठ जणांना भोपळा दिला आणि वर्षभराच्या आपल्या शिकवण्यावर एक लांब सुस्कारा सोडला.

सहा लिहिणाऱ्यांत आमश्याची उषा होती. भागाकारात घसरली होती, तरी पन्नासात सोळा झाले होते. पास व्हायला अठरा लागत. ही शाळा पाचवीपर्यंतच. सहावीसाठी शिरपूरच्या निवासी शाळेत जागा होती, पण तिथली यादी दहा मेला बंद होणार आणि फेरपरीक्षा जूनमध्ये. थोडक्यात, दोन गुणांसाठी पोरगी वर्षभर घरी, आणि घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत येते असा त्या गावचा अनुभव नव्हता.

आमश्या पोरीला घेऊन आला तो दारातूनच विचारत आला, "मॅडम, मनी पोर पास शे का नही?"

"दोन गुणांनी राहिली, आमश्याभाऊ. हा बघा, किती सोपा होता." मॅडमनी नववा प्रश्न वाचून दाखवला.

आमश्या आधी हसला. "भुरीबाई? ती तं मनी माय!"

"नाव आपलं सहज घातलं हो."

"सहज कसं? बठ्ठा गाव वळखस तिले. पाच दिन आंगनमा पसारेल मव्हा, अन् तीस किलो? वाळी जास ना, मॅडम! सहा भरना तरी खूप."

उषा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "वल्ला मव्हा कोन लेस?"

ओला मोह बाजारात कोणी घेत नाही, आणि वाळला की तिसाचे सहाच उरतात. मॅडमनी पेपरांचा गठ्ठा पुन्हा सोडला. तीस लिहिणाऱ्या नवांपैकी सात पोरं सडकेवरच्या घरांतली: दुकान, पिठाची गिरणी, नोकरदारांच्या खोल्या. सहा-सात लिहिणारी सगळी वरच्या पाड्यातली. ज्यांच्या अंगणात मोह कधी वाळला नाही त्यांना तीन, आणि जी पोरं पहाटे टोपली घेऊन जातात त्यांना शून्य. पोरांच्या गावचं गणित घालायला गेलेल्या बाईने गावालाच नापास केलं होतं.

त्या तडक सरांकडे गेल्या. "सर, चूक माझी आहे. सहाला गुण देते."

"थांबा," सर म्हणाले. "सहा हा आकडा प्रश्नातच आहे. एखाद्याने नुसता उतरवला असेल तर? त्याला मोह कळला का गुणाकार, हे तुम्हाला कागदावरून कसं कळणार?"

मॅडमना राग आला. पण मुद्दा खरा होता, म्हणून जास्त आला.

"मग प्रश्नच रद्द करू."

"करा की. तीस लिहिणाऱ्या बादलचे या तीन गुणांसकट बरोबर अठरा आहेत. त्याच्या बापाला तुम्ही सांगा."

शेवटी ठरलं, की आठही जणांना एकेक करून बोलवायचं आणि एक नवा प्रश्न विचारायचा. जमलं तर तीन गुण. पेपर शाळेनेच काढलेला, तेव्हा तेवढा अधिकार दोघांना होता. मात्र प्रश्न सर काढणार. मॅडमच्या प्रश्नांवर त्यांचा सध्या विश्वास नव्हता.

उषा पहिली आत आली. सरांनी छाती पुढे काढून विचारलं, "केळीच्या मळ्यात सात ओळी. एका ओळीत चौदा रोपं. तर झाडं किती?"

उषाने विचार केला. "बठ्ठी जगनात का?"

गेल्या पावसाळ्यात घरच्या मळ्यातली किती रोपं मेली, हे सरांइतकं कोणाला माहीत होतं?

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हसू आवरत असाव्यात.

"बरं," सर खाकरले. "रोपं लावली त्या दिवसाचं सांग. जगली-मेली नंतर बघू. लावली किती?"

उषाने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. सात दाहे सत्तर, सात चोक अठ्ठावीस. "अठ्ठ्याण्णव."

"कसं काढलं?"

तिने सांगितलं, दाहे वेगळे आणि चोक वेगळे. सरांनी मॅडमकडे पाहिलं, मग टेबलावरचा लाल पेन स्वतःच उचलला.

दुपारपर्यंत आठही जण झाले. सात जणांना जमलं. लखनने सात आणि चौदाची बेरीज करून एकवीस सांगितले. तो बाकीच्या गुणांवर पास होताच, पण मॅडमनी त्याला जाऊ दिलं नाही. शेजारी बसवून खडे मागवले आणि पाटीवर ओळी आखायला घेतल्या.

बाहेर आमश्या पायरीवर बसून होता. सर एकोणीस गुणांचं प्रगतिपुस्तक घेऊन स्वतः बाहेर आले.

"पास आहे. दाखला उद्या घेऊन जा, दहा तारखेची वाट बघू नका."

आमश्याने कागद उलटा-सुलटा पाहिला आणि उषाकडे दिला. तिने आधी स्वतःचं नाव वाचलं, मग गणितापुढचा आकडा, आणि मग तो कागद फ्रॉकच्या घडीत धरून पाड्याच्या वाटेने बापाच्या पुढे चालू लागली.