नानांचा खांदा आणि चाळीस नंबरचं तेल

मी फैजपूरच्या पितांबर नानांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन बोलतोय. विजेची मोटर आली तसं मला कोपऱ्यात सरकवलं. पण वीज गेली की बरोबर माझी आठवण होते! माणसांचं असंच असतं.

माझं खाणंपिणं साधं. बारा महिने एकच, चाळीस नंबरचं जाड तेल. माझे भाग झिजलेत, ते तेल मला सांभाळून घेतं. फक्त पौषातल्या थंडीत ते फार घट्ट होतं आणि मला सुरू करायचं हँडल फिरता फिरत नाही. यंदा एका पहाटे हँडल झटक्याने उलटं फिरलं आणि नानांचा खांदा निखळला. मला फार वाईट वाटलं हो.

शेती आता त्यांची सून नूतन बघते. तिने स्वतःच्या नव्या गाडीचं महागडं मल्टिग्रेड तेल आणून माझ्यात ओतलं. थंडीतही पातळ राहणारं. हँडल हलकं झालं, नाना खूश झाले. मग मीही ते चालवून घेतलं.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. केळीची कोवळी रोपं दोन दिवस कोरडी होती. मला चालू केलं, तर तासाभरात मी खडखडायला लागलो. नव्या गाडीसाठीचं ते तेल माझ्या झिजलेल्या अंगात टिकेना. नानांनी आवाज ओळखला, पण सुनेला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. नूतननेही ओळखला, पण जाड तेल म्हणजे पुढच्या पौषात पुन्हा नानांचा खांदा. अहो, इथे माझा जीव चाललाय! मी जाम झालो असतो तर रोपंही गेली असती.

शेवटी नूतननेच मला बंद केलं.

"नाना, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतं व माय. पन तू एवढ्या मायेनं टाकलं, तुले कसं सांगू?"

"चाळीस नंबरच टाकते. पण यापुढे हँडल मी मारणार."

नाना जवळ आले. "अंगठा बोटांच्याच बाजूले ठेव. हँडल उलटं फिरलं तं अंगठाच मोडीन."

तेल बदललं. तिसऱ्या झटक्याला मी सुरू झालो आणि पाणी रोपांकडे निघालं.

नूतन, पौषात हँडल तुलाही जड जाईल. उलटं फिरणं माझ्या हातात नसतं गं. पण तुझ्यासाठी मी जिवाचं रान करीन.